डोंगरउतारावरच्या घराला रोलर ब्लाइंड लावावं की व्हेनेशियन?

नागपूरच्या सेमिनरी हिल्सच्या उतारावर घर, पश्चिमेला भिंतभर काच, आणि तुम्ही विचारताय रोलर, म्हणजे गुंडाळायचा कापडी पडदा, की व्हेनेशियन, म्हणजे आडव्या पट्ट्यांचा. मी म्हणते, काचेच्या बाहेर काय लावणार ते आधी ठरवा.

आमचंही घर उतारावर, समोर ऊन अडवायला एक इमारत नाही. सासऱ्यांनी पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून चिका, म्हणजे बांबूच्या काड्यांचे पडदे, टांगल्या होत्या. दुपारी त्या सोडायच्या, वर पाणी मारायचं. घर नवीन करताना थोरले दीर म्हणाले, "पानठेल्यासारखं दिसते, काढून टाका." चिका गेल्या, आतून गडद कॉफी रंगाची महागडी रोलर ब्लाइंड्स आली. येणारा-जाणारा वाहवा करायचा. नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, संध्याकाळी पाच वाजता त्या कापडाला हात लावला तर चटका बसायचा. एसी अखंड चालू, तरी सासऱ्यांना पलंग मागच्या खोलीत हलवावा लागला. ऊन एकदा काचेतून आत शिरलं की ब्लाइंड तापतं, आणि ती धग काच बाहेर जाऊ देत नाही. तीच चिक बाहेर असली की तापते बाहेरच.

मी बुरडाकडून पुन्हा चिका करून आणल्या. सासरे आपल्या खोलीत परत आले. दीर अजून विचारतात, हे कधी काढणार? त्यांच्या फ्लॅटच्या खिडक्या पूर्वेला आहेत. दुपारी जो त्या खोलीत बसतो, त्यानं ठरवावं. तुमच्या घरातही कोणी दिसण्यावरून अडवलं तर ऐकू नका.

छज्ज्याच्या भरवशावर राहू नका. तो दक्षिणेच्या उन्हाला ठीक, पण चार-पाचचं तिरपं ऊन त्याच्याखालून थेट आत येतं. मे-जूनमध्ये सूर्य पश्चिमेच्या बराच उत्तरेला मावळतो, म्हणून उत्तरेच्या खिडकीकडेही संध्याकाळी बघा.

मात्र उंचावर वारा फार. पावसाआधीच्या वादळात मोकळी चिक फाटते, खाली कड्यांना बांधायची सोय हवीच. पावसाळ्यात गुंडाळून आत ठेवा, नाहीतर बुरशी धरते. आणि पाणी मारायचा फायदा कोरड्या हवेतच. मृग बरसला की नुसती ओल.

सोसायटी बाहेर काही लावू देत नसेल तर रोलर घ्या, काचेकडची बाजू पांढरी असलेलं. व्हेनेशियनच्या पट्ट्यांवर उन्हाळ्यात रोज धूळ बसते, पुसायला माणूस असेल तरच.