उरलेल्या रोस्ट चिकनचं सूप : तुमचे प्रश्न

रविवारी अख्खी कोंबडी ओव्हनमध्ये भाजली. उरलेल्याचं दुसऱ्या दिवशी सूप केलं, तासभर खळखळून उकळलं. सूप पाणचट आणि मांसाचा चोथा! काय चुकलं? (ठाणे)

मांस आणि हाडं एकत्र उकळलीत, तिथे चुकलं. मांस आधीच शिजलेलं असतं, ते फक्त गरम व्हायला हवं. सुपाला अंग येतं ते हाडं, सांधे आणि कातडीमुळे. त्यांतलं कोलॅजन मंद आचेवर सावकाश विरघळून त्याचं जिलेटिन होतं आणि त्याला वेळ लागतो.

म्हणून आधी मांस सोडवून फ्रिजमध्ये ठेवा. सांगाडा हातानं मोडा, पातेल्यात घालून दीड-दोन लिटर गार पाणी ओता. कांदा, गाजर, चार मिरे, तमालपत्र आणि कोथिंबिरीच्या काड्या घाला. ओव्हनच्या ट्रेला चिकटलेली खरपूस खरवड कृपा करून घासून टाकू नका. थोड्या गरम पाण्यात सोडवून तीही पातेल्यात जाऊ द्या, भाजल्याची सगळी चव तिच्यात असते. उकळी फुटायच्या बेतात आली की आच अगदी बारीक करा. मधूनच एखादा बुडबुडा यावा, इतपतच. खदखदलं तर चरबी पाण्यात फेटली जाते आणि सूप गढूळ होतं. अडीच-तीन तासांनी गाळा. मांसाचे तुकडे वाढण्याआधी पाच मिनिटं घाला.

गाळलेलं पाणी फ्रिजमध्ये जेलीसारखं थरथरायला लागलं, तर छान जमलं. वर थिजलेली चरबी काढून ठेवा. पुढच्या सुपाचा लसूण तिच्यात परतला की घरभर वास सुटतो.

तीन तास गॅस परवडत नाही. कुकर चालेल? (पुणे)

चालेल, मी स्वतः अनेकदा कुकरच लावते. कुकर दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून पाऊण तास ठेवा. वाफ आपली आपण जिरू द्या. शिट्टी उचलून काढलीत, तर आतलं पाणी एकदम उसळतं आणि सूप गढूळ होतं.

इथे दुकानात आयती भाजलेली कोंबडी मिळते. तिचं सूप खारट होतं. (न्यू जर्सी)

अशा कोंबड्या बहुधा मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या असतात, शिवाय सूप आटलं की खारटपणा वाढतो. मीठ अगदी शेवटी, चव घेऊनच घाला. तरीही खारट झालं, तर पाणी वाढवा आणि बिनमिठाचा भात किंवा नूडल्स घाला.

ताटात राहिलेली हाडं वापरावीत का? (नाशिक)

उष्टी हाडं मी घेत नाही. कोंबडी कापतानाच सांगाडा बाजूला काढा, म्हणजे प्रश्नच उरत नाही.

या पाण्याचा पांढरा रस्सा होईल का? (कोल्हापूर)

करू नका. पांढऱ्या रश्शाला कच्च्या मटणाचं किंवा चिकनचं अळणी, म्हणजे ते शिजवून निघालेलं पाणी हवं. भाजलेल्या हाडांचं पाणी तपकिरी निघतं, रस्सा पांढरा राहत नाही आणि ती खरपूस चव नारळाच्या दुधाला दडपून टाकते. तांबड्यात मात्र हे पाणी खुशाल घाला, तिखटाला ते पुरून उरतं. तंदुरीच्या हाडांनाही हेच लागू. दही, लिंबू आणि मसाल्यामुळे त्यांचं स्वच्छ सूप होत नाही, रस्साच करावा.

कोंबडी रात्रभर ओट्यावर राहिली. उकळली तर चालेल ना? (नागपूर)

नाही, टाकून द्या. जिवाणू उकळल्यानं मरतात, पण काहींनी आधीच सोडलेलं विष उकळूनही जात नाही. शिजवलेलं चिकन दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जायला हवं. तुमच्याकडच्या उन्हाळ्यात, पारा 32 अंशांवर असेल तेव्हा, तासाभरातच. सुपाचंही तसंच. गरम पातेलं गार पाण्याच्या परातीत ठेवा, मग उथळ डब्यांत ओता. फ्रिजमध्ये 3-4 दिवस, फ्रीझरमध्ये दोन-तीन महिने टिकतं. खाताना मात्र दर वेळी लागेल तेवढंच काढून चांगलं उकळून घ्या.