करिअर मार्गदर्शन : उशाशी बसण्याची नोकरी असते का?

पत्र कळव्याहून आलं आहे, एका वडिलांचं. थोडक्यात असं : मुलगी ठाण्यातल्या कॉलेजात मानसशास्त्र घेऊन टी.वाय.बी.ए.ला आहे, एस.वाय.ला 64 टक्के. गेल्या वर्षी आजीला कॅन्सर निघाला. उपचारांसाठी खारघरला बहुतेक वेळा हीच सोबत जायची आणि शेवटचे दोन महिने घरी उशाशीही हीच असायची. आता म्हणते, दुर्धर आजाराच्या माणसांना आध्यात्मिक आधार देण्याचं काम करायचंय. वडील लिहितात, ‘हे काम कीर्तनकारांचं. यात पगार कोण देणार? मी पुण्याच्या एमपीएससी क्लासची फी भरून टाकली आहे. तीन आठवडे झाले, घरात तिच्याशी कोणी बोलत नाही. तुम्ही दोन शब्द कडक लिहा, म्हणजे डोक्यातलं खूळ जाईल.’

कडक लिहिते, पण ते तिच्यासाठी नाही.

मार्कांची मला काळजी वाटली नाही. पत्रात तुम्ही जाता जाता एक वाक्य लिहिलंय, तिथे मी अडकले : ‘आईला शेवटपर्यंत आजाराचं नाव कळू दिलं नाही.’ आणि पुढच्याच पानावर : ‘आई दुपारी नातीला विचारायची, मी कुणाचं काय वाकडं केलं होतं म्हणून हे भोग आले? आम्ही समोर आलो की मात्र म्हणायची, मला काय धाड भरलीये.’

म्हणजे त्यांना कळलं होतं. तुम्ही त्यांच्यापासून लपवत होतात, त्या तुमच्यापासून. ज्या एका माणसाला त्या खरं विचारू शकत होत्या, ते माणूस वीस वर्षांचं होतं. ‘ती उत्तर द्यायची नाही, नुसती पाय चेपत बसायची,’ अशी तुमची तक्रार आहे. अहो, तिनं बरोबर केलं. त्या प्रश्नाला उत्तर नसतंच. ‘असं बोलू नये आजी, तू बरी होणार आहेस,’ असं म्हणून तिनं आजीचं तोंड बंद केलं नाही, हेच मोठं केलं.

लपवलंत त्याचा दोष मी देत नाही. आपल्याकडे घरोघरी हेच होतं आणि मायेपोटीच होतं. पण ठाणे-बेलापूर रोडवरची तुमची कंपनी बंद पडली तेव्हा दोन महिने तुम्ही रोज डबा घेऊन घराबाहेर पडत होतात, घरी सांगितलं नव्हतं, हेही तुम्हीच लिहिलंय. आणि आता हा तीन आठवड्यांचा अबोला. घरात सगळ्यात जड जे असतं, त्यावरच तुमच्याकडे बोलणं थांबतं. मुलीनं निवडलेलं काम नेमकं तेच बोलू देण्याचं आहे. हा योगायोग मला वाटत नाही.

नोकरी एका दिवसात जाते हे तुम्ही अंगावर झेललंय, म्हणून सरकारी नोकरीचा तुमचा आग्रह मला समजतो. पण तिला न विचारता फी भरायची आणि मग ‘पैसे गुंतलेत’ म्हणायचं, ही जबरदस्ती झाली. परत मिळतील तेवढे पैसे मागून घ्या.

आता कीर्तनकारांचं. हा गैरसमज तुमच्या एकट्याचा नाही, आणि तुमच्या लेकीच्या मनातही तो थोडा असावा अशी मला शंका आहे. आजारी माणसाला आध्यात्मिक आधार देणं म्हणजे त्याला देवाचं सांगणं नव्हे. कळव्याच्या महापालिका रुग्णालयात शेजारशेजारच्या खाटांवर वारकरी, मुसलमान, बौद्ध आणि देव न मानणाराही असू शकतो. चौघांनाही रात्री झोप लागत नाही आणि चौघांचेही प्रश्न असतात : हे मलाच का, माझ्यामागे यांचं काय, कुणाशी चुकलो ते निस्तरायचं राहिलं का. त्याच्या प्रश्नावर त्याच्याच श्रद्धेच्या किंवा अश्रद्धेच्या भाषेत त्याच्याजवळ थांबणं, एवढंच हे काम आहे. त्याला जपमाळ हवी असेल तर ती हाताशी ठेवायची, मौलवींना भेटायचं असेल तर निरोप धाडायचा, काहीच नको असेल तर खुर्ची ओढून बसायचं. आपला देव, आपले गुरू, आपलं तत्त्वज्ञान वॉर्डाच्या दाराबाहेर ठेवायचं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला उपदेश करणं हा मला अन्याय वाटतो, कारण तो उठून जाऊ शकत नाही.

माझ्या वडिलांचं सांगते. शेवटच्या आठवड्यांत ते रात्रभर कण्हायचे. आम्हाला वाटायचं, औषध कमी पडतंय. डॉक्टरांनी डोस वाढवला, कण्हणं थांबेना. मग वॉर्डातल्या सोशल वर्कर बाई एका दुपारी त्यांच्याजवळ बसल्या आणि विचारलं, ‘काका, मनात काय सलतंय?’ गावच्या एका शेजाऱ्याकडून त्यांनी फार वर्षांपूर्वी बियाण्यासाठी तीनशे रुपये घेतले होते. ते फेडायचे राहिले आणि शेजारी वारला. बाईंनी आम्हाला त्याच्या मुलाचा नंबर शोधायला लावला. पैसे पाठवले, मुलगा फोनवर म्हणाला, ‘पोचले काका.’ त्या रात्री वडील झोपले. देवाचं नाव त्या बाईंनी एकदाही घेतलं नव्हतं.

या दुखण्याला वैद्यकात नाव आहे. लंडनच्या सिसिली सॉन्डर्स यांनी त्याला ‘टोटल पेन’ म्हटलं : शरीराचं, मनाचं, घरच्या ओढाताणीचं आणि जगण्याच्या अर्थाचं दुखणं एकात एक गुंतलेलं. सॉन्डर्स सुरुवातीला नर्स होत्या, मग रुग्णालयात सोशल वर्कर, मग डॉक्टर झाल्या आणि 1967 मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं. आपल्याकडे वांद्र्याचं शांती आवेदना सदन 1986 चं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या व्याख्येत पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुर्धर आजारातला त्रास हलका करणारी परिहार सेवा, शारीरिक आणि मानसिक त्रासाबरोबर आध्यात्मिक त्रासाकडेही पाहते. केरळात 1993 पासून कोझिकोडला हे काम उभं राहिलं, पुढे ते गल्लीतल्या शिक्षक, रिक्षावाले, गृहिणी अशा स्वयंसेवकांनी घरोघर नेलं आणि 2008 मध्ये राज्यानं त्याचं धोरणच केलं. तेव्हा खूळ म्हणू नका.

पण बाळा, आता तुला. ‘आध्यात्मिक आधार’ या नावाची जाहिरात तुला आपल्या सरकारी रुग्णालयात दिसणार नाही. काही देशांत रुग्णालयांत त्यासाठी प्रशिक्षित माणूस पगारावर असतो. इथे ते काम सोशल वर्कर, समुपदेशक, नर्स आपापल्या कामातून करतात. म्हणून आधी हातात पदवी हवी. वाट सरळ आहे : एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, वैद्यकीय व मनोरुग्ण समाजकार्याकडे कल ठेवून. मुंबईच्या टिससाठी (टाटा समाजविज्ञान संस्था) सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा, निर्मला निकेतन या समाजकार्याच्या कॉलेजचे नियम वेगळे, ते पाहून घे. सुरुवातीचा पगार बेताचा असतो आणि बरीच पदं कंत्राटी असतात, हे घरी लपवू नकोस.

आणि बाबा, तुमच्या माहितीसाठी : ‘समाजसेवा अधीक्षक (वैद्यकीय)’ हे राज्याच्या आरोग्य खात्यातलं पद आहे आणि त्यासाठी समाजकार्याची पदवीच लागते. जागा थोड्या, जाहिराती क्वचित. तरी सरकारी नोकरी हाच हट्ट असेल तर तिची वाट तुमच्या लेकीनं निवडलेल्या रस्त्यावरूनही जाते.

एक गोष्ट मात्र मी तिलाही ठामपणे सांगेन. आजी जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. एवढ्यात मरणाच्या दारातल्या माणसांजवळ बसू नकोस. प्रत्येक खाटेवर तुला आजीच दिसेल आणि समोरचं माणूस राहून जाईल. हे वर्ष टी.वाय. नीट पूर्ण कर. सेवाच करायची असेल तर रुग्णालयात केस पेपरच्या रांगेत म्हाताऱ्यांना मदत कर, वृद्धाश्रमात आठवड्यातून एक दुपार जा. वर्षानंतरही ओढ तेवढीच राहिली तर ती दुःखाची नाही, तुझी आहे असं समज आणि अर्ज भर.

आईचं वर्षश्राद्ध पुढच्या महिन्यात आहे, असं तुम्ही लिहिलंय. त्याआधी एखाद्या संध्याकाळी टीव्ही बंद करून लेकीजवळ बसा. करिअरचा विषय काढू नका. त्या दुपारी घरात दोघीच असायच्या. आई आणखी काय काय बोलायची, ते तिला विचारा.