सरांवर लिहायला घेतलंयस म्हणून

छत्रपती संभाजीनगर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

आपले नाटकाचे सर गेले, त्यांच्या स्मरणिकेसाठी लिहिलेला तुझा लेख मिळाला आणि लगेच वाचून काढला. तुझी कळकळ खरी आहे, त्याबद्दल शंका नाही. पण लेखात सर कुठं आहेत? ‘ऋषितुल्य व्यक्तिमत्त्व’ आहे, ‘चालतंबोलतं विद्यापीठ’ आहे, ‘कधीही भरून न निघणारी पोकळी’ आहे. ही वाक्यं लातूरच्या कुठल्याही शोकसभेत कुणालाही बसतील, अगदी पतसंस्थेच्या चेअरमनलासुद्धा. सर असते तर पहिल्या परिच्छेदालाच त्यांनी तुला थांबवलं असतं, “काय बोलूलालीस गं? कुणाबद्दल बोलूलालीस?” म्हणून.

दुसरी गोष्ट. आठ परिच्छेदांतले सहा त्यांच्या भूमिकांवर गेलेत. कुठल्या नाटकात काय केलं, कुठल्या स्पर्धेत रौप्यपदक मिळालं, परीक्षक काय म्हणाले. हे सगळं खरं आहे, पण ते टिकणारच आहे. प्रमाणपत्रं भिंतीवर आहेत, दोन-तीन प्रयोगांचं चित्रीकरण कुणाकुणाकडे आहे. धोका आहे तो त्यांच्या शिकवण्याला. ते कुठंच नोंदलेलं नाही. ते तुमच्या तीस-चाळीस जणांच्या अंगात आहे, आणि तुम्ही पांगलात. कुणी पुण्यात आयटीत, कुणी उदगीरला शिक्षक, एकजण मालिकांमध्ये हवालदार होतो.

प्रा. लक्ष्मण देशपांड्यांचंच बघ. १९७९ साली त्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगमंचावर आणलं. एकटा माणूस, एक उपरणं आणि बावन्न पात्रं. मराठवाड्याच्या खेड्यातलं वऱ्हाड विमानात चढवलं आणि आपल्या बोलीला नाटकाच्या मध्यभागी आणून बसवलं, गड्याच्या किंवा मोलकरणीच्या तोंडी देऊन हशा घेण्यापुरतं नव्हे. पुढं गिनीजमध्ये नोंद झाली, कॅसेट घराघरांत वाजली. २००९ मध्ये ते गेले तरी आजही लोक त्यातले संवाद म्हणून दाखवतात, आणि आपल्या बीड जिल्ह्याच्या संदीप पाठकनं तो प्रयोग पुढं चालवला. पण हेच देशपांडे मराठवाडा विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागात शिकवत होते, विभागप्रमुख होते. कमलाकर सोनटक्क्यांनी उभा केलेला तो विभाग; चंद्रकांत कुलकर्णींसारखे दिग्दर्शक तिथून घडले. त्या वर्गात देशपांडे एखाद्या घाबरलेल्या पोराला उभं कसं करायचे, चुकलेल्या जागेवर नेमकं काय म्हणायचे, हे विचारशील तर लोक म्हणतील, “फार छान शिकवायचे.” त्यापुढं शब्द नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाची ही गत, तर आपल्या सरांना कोण विचारतो? म्हणून तू लिही. नट आपोआप आठवतो, शिक्षकाला मुद्दाम आठवावं लागतं.

आता हे बघ. तुझ्या लेखात एक ओळ आहे: ‘सरांनी आम्हाला निरीक्षण करायला शिकवलं.’ संपलं! आणि गेल्या महिन्यात फोनवर तूच मला हंड्याची गोष्ट सांगत होतीस. ती कुठंय? ती एकटी तुझ्या अख्ख्या लेखापेक्षा भारी आहे. मला आठवते तशी मांडतो, चुकलं तर दुरुस्त कर.

२०१६ चा उन्हाळा. मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी येत होतं. टाक्यांपाशी भांडणं होतील म्हणून प्रशासनानं जमावबंदी लावली होती. तुमची शिबिराची तुकडी शाळेच्या वर्गात तालमीला बसलेली. सरांनी सांगितलं, हंडा भरा, डोक्यावर घ्या, घरी आणा. हंडा अर्थातच नाही, नुसतं दाखवायचं. तुम्ही सगळ्यांनी उचलला, चेहरे वाकडे केले, कण्हलात, कमरेवर हात ठेवलात. सर म्हणाले, “हंडा रिकामाच हाय की तुमचा.” आणि पहाटे सगळ्यांना टँकरच्या रांगेत धाडलं, तेसुद्धा घरून आपापला हंडा घेऊन. कारण, “नुसतं बघायला उभं राहाल तर बायका हाकलतील, आणि बरोबर करतील.”

तिथं काय दिसलं ते तू मला किती नेमकं सांगितलंस! हंडा थेट डोक्यावर जात नाही, आधी मांडीवर येतो, तिथं क्षणभर टेकतो. बाया पाणी घेऊन हळू चालत नाहीत, उलट भराभर चालतात, कारण वजन सोसायचा वेळ कमी करायचा असतो. आणि मागं राहिलेल्या लेकराला हाक मारायची तर मान वळत नाही, ती बाई अख्खीच्या अख्खी वळते. दुसऱ्या दिवशी तू फक्त ते वळणं केलंस आणि वर्ग गप्प झाला. तेव्हा सर म्हणाले होते, “वजन दाखवू नको. वजनामुळं जे करता येईना, ते दाखव.”

बाई, हे वाक्य तू लेखातून कसं काय गाळलंस? अभिनयावरच्या जाड पुस्तकांत जे पानंच्या पानं शोधावं लागतं ते आपल्या सरांनी टंचाईच्या दिवसांत पाण्याच्या रांगेवरून शिकवलं. हे लिही. टँकर, मांडी, मान, सगळं लिही. वाचणाऱ्या अनोळखी पोराला उद्या त्यावरून तालीम घेता आली पाहिजे, इतकं स्पष्ट लिही.

भारुडाचंही येऊ दे. ते माझ्यासमोर घडलंय, म्हणून थोडं मीच सांगतो. पैठण आपल्या हाकेच्या अंतरावर, नाथषष्ठीला माणसांचा पूर लोटतो, आणि तरी नाटक शिकणाऱ्या पोरांना वाटतं की एकट्यानं अनेक पात्रं करणं हे कुठून तरी बाहेरून आलंय. नाथांनी चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वी जोशी केला, आंधळा केला, मुका केला, विंचू चावलेला माणूस केला, नवस बोलणारी सून केली. सादर करणारा एकटाच, फार तर मागं टाळ-मृदंग. सर नव्या मुलांना पहिलं भारुड द्यायचे ते रोडग्याच्या नवसाचं: सासू ने, सासरा ने, नणंदेच्या पोराला खरूज होऊ दे, नवऱ्याचीही आहुती देते, मला एकटीला राहू दे. पोरं डोक्यावर पदर घेऊन यायची, कंबर हलवायची, वर्ग खिदळायचा. सर हसायचे नाहीत. म्हणायचे, “ती विनोद करत नाही. तिला खरंच सगळे गेलेले पाहिजेत. किती वर्षं सोसल्यावर बाई असा नवस बोलत असेल, तेवढं मनात धर आणि मग बोल.” एका चुणचुणीत पोरानं विचारलं होतं, “पण सर, सासू म्हणजे कल्पना, सासरा म्हणजे अहंकार, असा अर्थ आहे ना?” सर म्हणाले, “अर्थ कीर्तनकार सांगतील. तू नवस बोल.” त्या पोरानं मग असा नवस बोलला की आधी कुणी हसलंच नाही, आणि नंतर जे हसू आलं ते आधीच्या खिदळण्यापेक्षा वेगळं होतं. मी तेव्हा माझी दिग्दर्शनाची वही काढून दोन्ही वाक्यं उतरवून घेतली. ती वही तुला पाठवतोय, बघून परत कर.

त्यांचे दोषही लिही. घाबरू नकोस, त्यानं सर लहान होणार नाहीत. त्यांना वेळेचं भान नव्हतं. सहाची तालीम साडेसातला सुरू व्हायची आणि मग मुलींच्या घरून फोन यायचे. दुसरं मोठं आहे. सुरुवातीच्या वर्षांत ते वाक्य स्वतः म्हणून दाखवायचे. परिणाम असा की हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या केंद्रावर त्यांची पोरं आली की सगळी एकाच जागी थांबायची, शेवटचा शब्द एकाच सुरात खाली टाकायची. एका परीक्षकानं ते बोलूनही दाखवलं. सर चिडले, आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत, आणि त्यानंतर त्यांनी वाक्य म्हणून दाखवणं बंदच केलं. फक्त प्रश्न विचारू लागले: कुणाला म्हणतोस? तो ऐकतोय का? नाही ऐकलं तर काय करशील? पन्नाशीच्या माणसानं स्वतःची पद्धत मोडून नवी उभारणं ही साधी गोष्ट नाही, मला तरी ती त्यांच्या कुठल्याही पदकापेक्षा मोठी वाटते. पण ती मोठी दिसायला आधीची एकसुरी पोरं दाखवावी लागतील.

मुलींच्या बाबतीत मात्र त्यांचं कौतुकच कर, मोकळ्या मनानं. ऐंशीच्या दशकात आपल्याकडं तालमीला मुलगी मिळणं किती कठीण होतं, तुला कल्पना येणार नाही. सर स्वतः घरी जाऊन बसायचे, वडिलांना पहिल्या दिवशी नाटकाबद्दल एक अक्षर बोलायचे नाहीत, पाऊसपाणी आणि ज्वारी-तुरीचे भाव बोलून उठायचे. नाटकाचा विषय तिसऱ्या-चौथ्या चकरेला. तालमीनंतर सरांच्या पत्नी, आपल्या काकू, स्वतः प्रत्येकीला दारापर्यंत सोडायला जायच्या. लेखात काकूंचं नाव फक्त ‘त्यांच्या पश्चात’ या ओळीत आलंय, ते मला खटकलं. त्या नसत्या तर सरांच्या निम्म्या नाटकांत बाईचं पात्र पुरुषाला करावं लागलं असतं.

माहिती गोळा करताना नटांकडं शेवटी जा. नटांना आपली टाळी आठवते. आधी प्रकाशयोजना करणाऱ्याकडं जा, मग रंगभूषेवाल्या काकांकडं, मग नाट्यगृहाच्या चौकीदाराकडं. ही माणसं विंगेत उभी असतात, त्यांनी सरांना प्रयोगाआधी पाहिलंय. तारखांसाठी कुणाच्याही आठवणीवर विसंबू नकोस, माझ्याही नाही. सरांच्या कपाटात संहिता असतील, त्यांवर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे, म्हणजे प्रयोगाला परवानगी देणाऱ्या सरकारी मंडळाचे, शिक्के आणि तारखा असतात. त्या बघ. समासात पेन्सिलीनं लिहिलेलं असेल तर त्याचे फोटो काढ, सरांच्या सूचना तिथं सापडतील. संहिता रद्दीत जायच्या आत हे काम कर. घर आवरायला पाहुणे आले की कागद पहिले जातात.

श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात तुमच्यातला तो गडी सरांची नक्कल करणार, हे मी आत्ताच सांगतो. फार हुबेहूब करतो, चष्मा कपाळावर सरकवणं, “हं, परत” म्हणणं, सगळं. करू दे. लोकांना हसायला मिळालं पाहिजे, सरांनाही आवडलं असतं. पण कार्यक्रमाची सुरुवात त्यानं करू नका, ते चहानंतर ठेवा. आधी तुमच्यापैकी कुणीतरी मंचावर हंड्याचा पाठ करून दाखवा, भाषण न करता. नव्या शिबिरातली दोन पोरं समोरून उठवा आणि त्यांना हंडा उचलायला लावा. त्यांचा हंडा रिकामाच निघेल. मग त्यांना विचारा, सर विचारायचे तसं.

मुखपृष्ठावर नाटकातला फोटो नको, तालमीतला शोध. भूमिकेतले फोटो आत चार घाला. निवड काकूंना करू दे, आणि छापखान्यात देण्याआधी सगळा लेख त्यांना वाचून दाखव. दोषांचा परिच्छेदसुद्धा, तो तर आधी. त्या काही गाळ म्हणाल्या तर कारण विचार, पण गाळ.

दुसरा खर्डा शब्दमर्यादेची काळजी न करता लिही. कापायचं काम माझ्याकडं दे, तेवढंच मला येतं.

तुझा,
काका

ता.क. प्रकाशयोजनावाले आता मुलाकडं परळीला असतात. दुपारी झोपतात, संध्याकाळी पाचनंतर फोन कर, आणि जरा मोठ्यानं बोल.