खिरापत झाकून का ठेवतात (चिऊला पत्र)

प्रिय चिऊ,

आज रविवार, ५ ऑक्टोबर २०२५. इथे जर्मनीत रविवारी दुकानं बंद असतात, माझं दूध कालच संपलंय आणि बाहेर बारीक पाऊस लागलाय, म्हणून काळा चहा घेऊन तुला लिहायला बसले. तुझा व्हॉइस मेसेज रात्री ऐकला आणि सकाळी परत ऐकावा लागला, कारण चिंटू मधेच विंचू दिसला विंचू दिसला म्हणून ओरडतोय आणि तुझा अर्धा प्रश्न त्यातच गेलाय. बाबा म्हणतो बेडूक होता. असेल. तरी बूट घातल्याशिवाय शेतात जायचं नाही, सोयाबीन कापायला लागले की सगळी जनावरं बांधाकडे सरकतात, हे मी तिथे नसले तरी मला माहीत आहे.

तर तुझा प्रश्न असा, की आपल्या घरात नियम आहे उत्तर माहीत असेल तर सांगून टाकायचं, बाबा तर गणिताच्या पुस्तकाच्या मागची उत्तरंसुद्धा बघू देतो, मग हादग्याला आजी खिरापतीचा डबा झाकून का ठेवते, आणि विचारलं तर "ओळख ना, काय घाई करून राहिली" असं का म्हणते. वर तुझं असंही म्हणणं की विहिरीकडच्या घरातल्या मुली संजा मांडतात तेव्हा त्यापण प्रसाद ताडायला लावतात, मग हे आधी कोणाचं आणि कोणी कोणाचं बघून केलं.

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगते कारण ते छोटं आहे. मी इंदूरच्या रामबागेत वाढले आणि आमच्या गल्लीत निम्मी घरं मराठी आणि निम्मी मालवी, त्यामुळे मला लहानपणी हे दोन वेगळे सण आहेत हेच माहीत नव्हतं. भादव्याच्या पौर्णिमेपासून सर्वपित्री अमावस्येपर्यंत समोरच्या घराच्या भिंतीवर शेणाची संजा, रोज नवी, एका दिवशी सातिया म्हणजे स्वस्तिक, दुसऱ्या दिवशी आठ पाकळ्यांचं फूल, चांद आणि सूरज रोजचेच, शेवटी मोठा किलाकोट म्हणजे किल्ला, त्यावर गुलतेवडीच्या पाकळ्या आणि चॉकलेटचे चमकते कागद चिकटवायचे, ते कागद आम्ही वर्षभर वहीत दाबून ठेवायचो. आरती झाली की प्रसाद ताडायचा. ती संपली की घटस्थापना, आणि त्याच्या आसपास सूर्य हस्त नक्षत्रात गेला की आमच्याकडे हादगा, म्हणजे पाटावर हत्ती काढायचा आणि त्याच्याभोवती फेर धरून गाणी म्हणायची. खिरापत ओळखायची. म्हणजे सलग महिनाभर आम्ही कुठलातरी डबा कानाशी धरून हलवत असायचो, समोरच्या घरी मालवीत आणि आमच्या घरी मराठीत. कोणी कोणाचं उचललं हे गल्लीत कोणी विचारलं नाही आणि विचारलं असतं तर दोन्हीकडून खायला मिळणं बंद झालं असतं.

तू हत्तीचं चित्र काढलंस त्याचा फोटो बाबाने पाठवला. सोंड छान झालीय, पाय पाच आहेत का? हस्त म्हणजे हात आणि सोंड हा हत्तीचा हात, म्हणून त्या नक्षत्राचा हत्ती. त्याचा पाऊस म्हणजे हत्तीचा पाऊस, गडगडाट करत येतो आणि धो धो पडतो. आता गंमत बघ, आपण त्या हत्तीची पूजा करतो आणि बाबा मात्र रोज आभाळाकडे बघून त्याला शिव्या देतो. कारण आपल्या काळ्या जमिनीत पूर्वी पावसाळ्यात बरीच रानं नुसती नांगरून मोकळी ठेवायचे, चिखलात कोण काम करणार, आणि पाऊस सरता सरता जमिनीत जी ओल राहायची तिच्यावर गहू हरभरा घ्यायचे. त्या लोकांना हत्ती यायलाच हवा होता. सोयाबीन माळव्यात खरं पसरलं १९७० नंतर, आणि ते ऐन हस्तातच कापायला येतं. कापून पडलेल्या सोयाबीनवर पाऊस आला की शेंगेतच कोंब फुटतात, आणि नाही कापलं आणि कडक ऊन पडलं तर शेंगा तडकून दाणे जमिनीवर. म्हणजे हत्ती तोच आहे, पीक बदललं. आजोबा असते तर म्हणाले असते गहू लाव नुसता.

चिंटूने शेंगा सोलून दाणे मोजले, ५० शेंगांत ११८, ते मला फार आवडलं. आता त्याला विचार एका शेंगेत सरासरी किती, आणि तो पॉइंट काढतो का बघ. तुला बाबाने हमीभावाचं गणित घातलंय, क्विंटलला ५३२८, ते मी पाहिलं, पण त्यात खाली मंडीतला खरा भावपण लिही आणि वजाबाकी कर. तीच वजाबाकी बाबा रात्री करत बसतो म्हणून तो चिडचिडा झालाय, तुझ्यावर नाही चिडलेला.

आता खिरापत.

नियम तर तुला माहीत आहेत. पहिल्या दिवशी एक गाणं आणि एक खिरापत, दुसऱ्या दिवशी दोन, असं वाढत १६ पर्यंत (हल्ली एवढं कोणी करत नाही, आजीपण एकाच दिवशी उरकते, तिचे गुडघे). आणि ओळखल्याशिवाय मिळत नाही. तू म्हणतेस हे लपवणं झालं. पण बघ, आजी डबा झाकते तेव्हा तो तुझ्यासाठीच आहे हे तुला माहीत असतं, तिला माहीत असतं, पाच मिनिटांनी तो तुझ्याच हातात येणार असतो. तिने तो कपाटात ठेवून कुलूप लावलं असतं तर मी तुझ्या बाजूने भांडले असते.

मी एकदा हे मोडलंय, ते सांगते. मी तुझ्याएवढी असेन, आमच्या घरची पाळी होती आणि तुझ्या आजीने भुट्ट्याचा कीस केला होता, दुपारभर भुट्टे किसत होती, दुधात शिजवलेला, वरून खोबरं कोथिंबीर. मला राहवेना, मी माझ्या लाडक्या मैत्रिणीला जिन्यात गाठून सांगून टाकलं. संध्याकाळी गाणी झाली, आजी डबा घेऊन आली, "तिखट की गोड" एवढं विचारायच्या आत मैत्रीण म्हणाली भुट्ट्याचा कीस. झालं. दोन मिनिटांत सगळ्यांनी खाल्ला, हात फ्रॉकला पुसले आणि घरी गेल्या. आजी कढई घासत होती आणि माझ्याकडे बघत नव्हती, तिला कळलं होतं. रागावली नाही पण त्या वर्षी मला पुढे कुठल्याच खिरापतीचं आधी कळू दिलं नाही, स्वयंपाकघरातसुद्धा येऊ देत नव्हती.

आणि आता दुसरी गोष्ट. आमच्या गल्लीत एक मुलगी होती, नाव नाही सांगत कारण ती आता मोठी बाई आहे आणि आजीच्या ओळखीची आहे. तिची आई साड्यांना फॉल लावायची आणि घरात ओढाताण होती हे आम्हा मुलींनापण माहीत होतं, मुलींना सगळं माहीत असतं. बाकीच्यांच्या घरून चिरोटे, बर्फी, एकीच्या घरून तर दुकानातला कलाकंद आणला होता आणि तिची आई परत परत सांगत होती किती किलो. मग हिची पाळी. हिने मोठा स्टीलचा डबा आणला, कानाशी हलवला तर आवाजच नाही. जड. आम्ही सुरू, श्रीखंड? नाही. बासुंदी? नाही. शिरा, खरवस, गुलाबजाम, दुधीहलवा, नाही नाही नाही. गोड का? नाही. तिखट? आत्ता नाही. आता हे "आत्ता नाही" म्हणजे काय हे कोणाला कळेना. मोठ्या काकवापण हरल्या, एक काकू तर डब्याला नाक लावून उभी. अंधार पडला, दिवे लागले, शेवटी सगळ्यांनी हरलो म्हणून कान धरले तेव्हा तिने झाकण काढलं, आत ओल्या फडक्यात गच्च गुंडाळलेल्या बालम काकडीच्या फोडी, केशरी, आणि मग तिने फ्रॉकच्या खिशातून जीरावन मसाल्याची पुडी काढून वरून भुरभुरवली. वास येऊ नये म्हणून पुडी खिशात ठेवली होती! काकडी ही खिरापत असू शकते हे आमच्या कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. कलाकंद कोणाच्या घरचा होता ते विचारलं तर मला आठवावं लागेल, पण त्या काकडीचं नाव काढलं की रामबागेतली कुठलीपण माझ्या वयाची बाई हसेल.

डबा उघडा ठेवला असता तर काय झालं असतं ते तूच विचार कर. बर्फीशेजारी काकडी.

तुला हे पटलं नाही तर बाबाच्या भाषेत सांगते. समज १६ पदार्थ असू शकतात. तू एकेकाचं नाव घेत बसलीस तर नशीब वाईट असेल तर १५ वेळा चुकशील. पण असा प्रश्न विचारलास की ज्याने अर्धे बाद होतात, तळलेलं आहे का, तर ८ उरले, मग ४, मग २, मग १. चार प्रश्नांत काम. आजी तुला सांगत नाही कारण तिला तुझा प्रश्न ऐकायचा असतो. तू मेसेजमध्ये म्हणालीस की तू एकदम "लाडू लाडू लाडू" ओरडलीस. तेच ते.

इथे मी काय केलं माहीत आहे? शुक्रवारी सुट्टी होती म्हणून नारळाच्या वड्या केल्या (साखर जास्त उकळली, दात लागत नव्हते) आणि डबा झाकून खालच्या मजल्यावरच्या आजीकडे गेले, तिचा सात वर्षांचा नातू आला होता. तिला म्हटलं ओळखा. ती फार सभ्य आहे, तिला वाटलं मी काहीतरी विसरले की काय, तिने विचारलं ह्यात अक्रोड आहे का कारण नातवाला चालत नाही. नियमात बसतो तसा, अर्धे बाद करणारा प्रश्न! नातवाने मात्र डबा घेतला, हलवला, वास घेतला आणि अगदी गंभीरपणे म्हणाला, दगड. तो काही फार चूक नव्हता. जाताना त्याने मला त्याच्या जॅकेटच्या खिशातला माल ओंजळभर दिला. इथली मुलं सध्या शाळेतून येताना झाडाखाली वाकून तेच गोळा करत असतात आणि काड्यापेटीच्या काड्या टोचून त्याचे प्राणी बनवतात, घोडे, साळिंदर वगैरे. आज इथे चर्चमध्ये पीक घरी आल्याचा दिवस आहे, एर्न्टेडांक म्हणतात, वेदीपुढे भोपळे, सफरचंदं, द्राक्षं, पाव मांडलेत, मी डोकावून आले. तुमच्या थ्रेशरची आठवण आली. रस्त्याच्या कडेलापण शेतकरी भोपळे मांडून ठेवतो, माणूस कोणीच नाही, एक पत्र्याचा डबा, त्यात पैसे टाकायचे आणि भोपळा न्यायचा. हे बाबाला सांग, तो म्हणेल आपल्याकडे डबापण नेतील.

त्या खालच्या आजीने विचारलं तुमची मुलगी कितवीत आहे. मी म्हटलं ती घरीच शिकते. तिचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता पोलिसांना फोन करते. इथे शाळेत जायलाच लागतं, घरी शिकवणं चालतच नाही, म्हणून तर तुम्हाला दोन वर्षांसाठी इकडे न आणता मी एकटी आले, हे तुला आधी सांगितलंय. आपल्याकडे मुक्त विद्यालयाच्या परीक्षा आहेत, तुझी पाचवीच्या बरोबरीची 'बी' पातळी पुढे बघू, त्याची काळजी तू करायची नाही. आजी फोनवर म्हणत होती "शाळा नाही तर पोरगी दिवसभर करून काय राहते", तर तिला तुझी नक्षत्रांची वही दाखव. आणि हत्तीचे पाय आधी खोड.

उद्या कोजागिरी. दूध आटवायला आजीला मदत कर, चारोळ्या निवडून ठेव, चंद्र गोठ्याच्या मागून वर आला की गच्चीवर पातेलं नेऊन ठेवायचं आणि चिंटूला झोपू द्यायचं नाही. तुमच्या रात्री साडेदहाला माझे सात वाजलेले असतील, तेव्हा मी कॉल करते.

कॉलवर मीपण एक डबा हलवणार आहे. पाच नग आहेत आत, आणि खायचे नाहीत, एवढंच सांगते. तुला चार प्रश्न, चिंटूला सहा. बाबाने कोणाला खुणा करायच्या नाहीत.

तुझी,
आई