वडिलांच्या जुन्या कॅसेट एमपी३ करून टेलिग्रामवर फुकट टाकल्या तर गुन्हा होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडिलांनी जमवलेल्या चारेकशे कॅसेट तुम्ही एमपी३ करून टेलिग्राम चॅनेलवर टाकताय. एक रुपयाही घेत नाही. प्रत्येक फाईलखाली ‘सर्व हक्क मूळ मालकांकडे’ असं लिहिता. यात कायद्याचा धोका आहे का, आणि कायदा बाजूला ठेवला तरी हे चूक आहे का?

मी वकील नाही. पण याच भानगडीत माझा कॉम्प्युटर जप्त झाला होता, तेवढ्या अधिकाराने लिहितो.

२००७ ते २०१२ नागपुरात बर्डीवर माझं मोबाईलचं दुकान होतं. दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक काउंटर, एक स्टूल, एक कूलर. रिचार्ज आणि कव्हरवर भाडंसुद्धा निघत नसे. खरी कमाई काचेवर चिकटवलेल्या एका कागदाची होती: ‘मेमरी कार्डमध्ये गाणे भरून मिळतील’. एक जीबीचे तीस रुपये. उमरेड, मौदा, कामठीकडची पोरं रविवारी बाजाराला यायची आणि कार्ड भरून घेऊन जायची. चोरी करतोय असं मला कधी वाटलं नाही. शेजारी तेच करत होता, समोरचाही तेच करत होता.

आता तुमचं. ‘पैसे घेत नाही’ हा मुद्दा तुम्हाला वाटतो तेवढा कामाचा नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, ‘लोकांपर्यंत पोचवणे’ याची व्याख्या फार रुंद आहे. गाणं लोकांना मिळेल अशा जागी ठेवलं की झालं, ते प्रत्यक्षात कुणी ऐकलं की नाही हा प्रश्नच येत नाही. कलम ६३ खाली जाणूनबुजून उल्लंघन केलं तर किमान सहा महिने ते कमाल तीन वर्षं कैद, आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय कारण नोंदवून किमानपेक्षा कमी शिक्षा देऊ शकतं. फुकटपणाची किंमत एवढीच. शिक्षा कमी होऊ शकते, गुन्हा पुसला जात नाही.

दुसरं, मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगून टाकलं की कलम ६३ चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. त्याआधी उच्च न्यायालयांची मतं दोन्हीकडची होती, म्हणून मला २०११ मध्ये ठाण्यातूनच जामीन मिळाला. आज तसं होणार नाही. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असं नव्हे, पण त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. कलम ६४ प्रमाणे उपनिरीक्षक किंवा त्यावरचा अधिकारी वॉरंटशिवाय बेकायदा प्रती आणि त्या काढायचं साहित्य उचलून नेऊ शकतो. माझ्याकडे साहित्य म्हणजे एक कॉम्प्युटर, तीन कार्ड रीडर आणि काचेवरचा तो कागद. कागद त्यांनी आधी काढला.

आणि ते ‘सर्व हक्क मूळ मालकांकडे’ हे वाक्य आजच काढा. लोक ते ताईत बांधल्यासारखं लावतात. कायदा विचारतो की तुम्हाला माहीत होतं का. तुम्ही स्वतःच्या हाताने लिहून ठेवलंय की हो, हक्क दुसऱ्याचे आहेत हे मला पक्कं माहीत होतं. तीस सेकंदांपर्यंत वापरलं तर चालतं ही गोष्टही अशीच, कायद्यात कुठेही नाही.

‘टेलिग्रामवर नाव दिसत नाही’ असं कुणी सांगितलं असेल तर तेही विसरा. दिल्लीतल्या एका कोचिंग शिक्षिकेची लेक्चर्स आणि पुस्तकं टेलिग्राम चॅनेलांवर फिरत होती. २०२२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने चॅनेल चालवणाऱ्यांची माहिती द्यायला लावली, आणि कंपनीने नावं, फोन नंबर, आयपी पत्ते दिले. नाव माहीत नसलं तरी दावा अडत नाही. आपल्या कोर्टांत अनोळखी प्रतिवादीला ‘अशोक कुमार’ म्हणायची पद्धत आहे. शिवाय कलम ६२ मुळे कंपनी स्वतःचं मुख्य कार्यालय जिथे असेल तिथल्या कोर्टात दावा लावू शकते. म्हणजे राहायला नागपुरात आणि तारखा मुंबईत. वकिलाच्या फीपेक्षा ती रेल्वेची तिकिटं माणसाला लवकर रडवतात.

अमेरिकेत मिनेसोटाच्या एका बाईला इंटरनेटवर वाटलेल्या २४ गाण्यांसाठी दोन लाख बावीस हजार डॉलर भरायचा आदेश झाला होता. खटला २००७ ला उभा राहिला आणि तो आकडा २०१२ मध्ये अपिलात कायम झाला. तिनेही गाणी विकली नव्हती. आपल्याकडे साध्या श्रोत्याच्या मागे कुणी असं लागल्याचं मी ऐकलेलं नाही. इथे कारवाई साइटवर, दुकानावर, चॅनेलवर होते. पण तुम्ही श्रोते नाहीच, तुम्ही चॅनेलवाले आहात.

एवढं वाचून तुम्ही सगळं डिलीट करायला बसाल. थांबा, कारण ज्या कॅसेटमुळे पोलीस येतील त्या तुमच्या संग्रहातल्या सगळ्यात कमी महत्त्वाच्या आहेत असं मला वाटतं.

माझ्या दुकानात दोनदा असं झालं की मी गप्प बसलो. दुसरी वेळ छाप्याची. पहिली त्याच्या आदल्या वर्षीची, मे महिन्यातली.

दुपारचे तीन असतील, बर्डीवर कुत्रंसुद्धा नव्हतं. सत्तरीचे एक गृहस्थ आले, डोक्याला दुपट्टा बांधलेला. शर्टाच्या खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन काढला. “भाऊ, खडी गंमतचे गाणे हायेत का तुमच्यापाशी?” होते. एका गिऱ्हाइकाच्या कॅसेटवरून मी अ बाजू उतरवून घेतली होती. ब बाजू उतरवायच्या आधीच तो कॅसेट घेऊन गेला. मी फाईल वाजवली. ते उभ्यानेच ऐकत राहिले. (खडी गंमत म्हणजे आमच्या विदर्भातलं लोकनाट्य, ते उभ्यानेच करतात. तेव्हा हे माझ्या डोक्यात आलं नाही.) कडवं संपून ढोलकी परत पकडते, त्या जागी त्यांची बोटं काउंटरवर पडली, स्पीकरच्या अर्धा क्षण आधी.

“हा आवाज माहा हाये,” ते म्हणाले.

मी विचारलं, मग तुमच्याकडे कॅसेट नाही का?

“पाचशे काढल्या होत्या, धान विकून. जत्रेत विको. निम्म्या सरल्या, मंग कोणी घेईच ना. म्हणे, आमच्या मोबाईलमध्ये हायेत. एक ठेवली होती घरी, थे जावयानं नेली.” आणि हसले. रागाने नाही, खरंच हसले. पुढे म्हणाले, “बरं झालं तुम्ही ठेवले. भरून द्या.”

मी भरून दिली आणि तीस रुपये घेतले. त्यांनी पैसे काढले, मी हात पुढे केला, कारण दिवसभर तेच करत होतो. ते जिन्याच्या उन्हात गेल्यावर मला कळलं की मी काय केलं.

पुढच्या वर्षी छापा पडला. एका कंपनीचे दोघे आणि पोलीस. पंचनाम्यात गाणी एकेक करून लिहिली, सगळी सिनेमाची, सगळी त्या कंपनीची. त्या दुपट्टेवाल्या शाहिरांच्या फोल्डरचा त्यात उल्लेखही नव्हता. भीमगीतांच्या फोल्डरचाही नव्हता. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गायक मंडळी स्वतःच्या सीडी स्टॉलवर मांडून विकायची. मी दरवर्षी तिथून चाळीस रुपयांची एक सीडी घ्यायचो आणि वर्षभर हजारभर कार्डं भरायचो. त्या गायकांसाठी तो दोन-तीन दिवसांचा बाजार म्हणजे वर्षाची कमाई असायची. त्यांच्या वतीने पंचनामा लिहायला कुणी आलं नाही. माझी केस सहा वर्षं चालली, पंच फिरले, मी सुटलो. कंपनीचं माझ्यामुळे नेमकं किती बुडालं हे मला आजही सांगता येणार नाही. शाहिरांचं मात्र येईल, अडीचशे कॅसेट.

म्हणून माझा सल्ला विचाराल तर चारशे कॅसेट जमिनीवर पसरा आणि इनले कार्ड, म्हणजे डबीतला छापील कागद, वाचत बसा.

सिनेमा आणि मोठ्या कंपन्यांचं जे असेल ते चॅनेलवरून काढा. घरी ऐकायला एमपी३ करून ठेवा, खासगी वापराला कायद्यात सवलत आहे. ती गाणी तशीही अधिकृत अॅपवर बहुतेक सापडतात, तुमच्या चॅनेलवाचून कुणाचं अडत नाही.

खूप जुन्या ध्वनिमुद्रणांचा हिशोब थोडा किचकट. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं. १९६० साली आलेली रेकॉर्ड २०२० च्या अखेरीस मोकळी झाली. पण शब्द आणि चाल यांचे हक्क वेगळे, ते कवी आणि संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांवरचा हक्क २०२८ च्या अखेरपर्यंत. सुरेश भट २००३ मध्ये गेले. २०६३ पर्यंत थांबा. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण अभंगाला चाल लावणारा परवाचा असेल तर ती चाल त्याची. घरगुती मैफलींची रेकॉर्डिंग असतील तर गाणाऱ्याला किंवा घरच्यांना विचारल्याशिवाय हात लावू नका. समोर बसलेल्यांसाठी गायलेलं जगासाठी गायलेलं असतंच असं नाही.

उरतो तो ढीग खरा: शाहीर, भजनी मंडळं, भीमगीतं, दंडार (हीसुद्धा विदर्भातली लोककला), गावातल्या स्टुडिओत काढलेल्या कॅसेट. यांच्यावरून तुमच्यावर कुणी केस करणार नाही, आणि नेमकं इथेच परवानगी घ्यायची. इनले कार्डवर बहुतेकदा फोन नंबर छापलेला असतो. जुना लँडलाइन नंबर लागणार नाही, पण गावाचं नाव असतं. चहाच्या टपरीवर विचारलं तर घर सापडतं. एक गुंता लक्षात ठेवा. कायद्याने ध्वनिमुद्रणाचा मालक त्याचा निर्माता, गाणारा नव्हे. ज्याने स्टुडिओचे पैसे भरले तो कोण होता हेही विचारा. दोघांची सही साध्या कागदावर घ्या: कुठे टाकणार, फुकट की जाहिरातीसह, काढून टाका म्हटलं तर किती दिवसांत काढणार. आणि विचारायला जाताना फाईल पेन ड्राइव्हवर घेऊनच जा. बऱ्याच जणांकडे स्वतःचं गाणं नसतं.

माणूस सापडलाच नाही तर? कर्ता मेला असेल किंवा शोधूनही मिळत नसेल तर वर्तमानपत्रात जाहिरात देऊन परवाना मागायची वाट कलम ३१अ मध्ये आहे. एका कॅसेटसाठी कुणी त्या वाटेने जाईल असं मला वाटत नाही. अशा वेळी मी असतो तर फाईल नीट जपून ठेवली असती, चॅनेलवर फक्त इनले कार्डचा फोटो टाकला असता आणि ‘यांना कुणी ओळखतं का’ असं विचारलं असतं. लोक ओळखतात. मला शाहिरांचं गाव असंच कळलं.

मी गेलो तेव्हा ते नव्हते. मुलाने तो जुना फोन आणून दाखवला, त्यातलं कार्ड अजून चालत होतं. माझा कॉम्प्युटर कोर्टातून परत आला तेव्हा हार्ड डिस्क मेलेली होती, त्यामुळे ते तीस रुपयांचं कार्ड हीच त्या अ बाजूची उरलेली प्रत. मुलाच्या परवानगीने ती मी कॉपी केली आणि त्याला दोन ठिकाणी ठेवून दिली. ब बाजू कुणाकडेच नाही.

तुमच्या वडिलांच्या संग्रहात खडी गंमतच्या कॅसेट निघाल्या तर त्यांची नावं मला कळवा. शाहिरांची कॅसेट निळ्या इनले कार्डची आहे, पुढच्या बाजूला तुणतुण्याचं चित्र. सापडली तर चॅनेलवर टाकू नका, आधी मला फोन करा. शाहिरांच्या मुलाकडे आपण दोघं जाऊ.