या वयात अक्षरं डोक्यात शिरतील का?

"आई पन्नाशीच्या पुढे गेली, आता तिला वाचायला येईल का? नाही आलं तर उगीच खचायची!" मुलं, सुना मला हे नेहमी विचारतात. ज्या मावशींबद्दल लिहितेय (त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने), त्या मात्र अक्षरांसाठी आल्याच नव्हत्या. नागपुरात पारडीकडे त्यांचा भाजीचा ठेला. नवरा गेल्यापासून झोप नाही, छातीत धडधड. तपासण्यांत काही निघालं नाही म्हणून सून माझ्याकडे समुपदेशनाला घेऊन आली.

बोलता बोलता लक्षात आलं, धडधड बँकेत जायच्या दिवशीच वाढते. आजवर ती कामं नवरा करायचा. आता फॉर्म पुढे आला की त्या म्हणायच्या, "चष्मा घरी राहिला." हिशेब तोंडी पक्का, नोटा-आकडे सगळे ओळखीचे, पण अंगठ्याची शाई पदरात लपवायच्या.

"आता या वयात माह्या डोस्क्यात काय शिरते, मॅडम?"

शिरतं. २०१० साली ब्राझील आणि पोर्तुगालमधल्या प्रौढांच्या मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. मोठेपणी वाचायला शिकलेल्यांच्या मेंदूतही लिखित शब्दांना प्रतिसाद देणारा भाग घडलेला दिसला. माणूस अडतो तो लाजेपायी, म्हणून आमची पहिली सगळी बोलणी लाजेवरच झाली.

नातवाचं पुस्तक त्यांना नको होतं. त्यांनी आपली वाट आपणच काढली, ठेल्यावरच्या भाजीच्या दरांच्या पाटीवरून. सुनेने लिहून दिलेलं 'सांबार' (आमच्या नागपुरात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात) त्या रोज खडूने गिरवू लागल्या. त्यातला 'र' 'गाजर'मध्ये सापडला. 'गाजर'मधला 'ग' मेट्रोच्या 'प्रजापती नगर' फलकावर दिसला. 'वैष्णोदेवी चौक'मधलं 'ष्णो' मात्र बरेच दिवस हटून बसलं होतं. बाराखडी त्या शिकल्या ती यानंतर. मला हाच क्रम पटतो: मोठ्या माणसाने आपल्या कामाच्या शब्दापासून सुरुवात करावी.

वाचता आलं की माणूस आनंदतो, असं आपण धरून चालतो. मावशींना आधी राग आला. पेटीतला एक जुना कागद त्यांनी बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत वाचला. ते माहेरच्या शेतीचं हक्कसोडपत्र होतं, खाली त्यांचाच अंगठा. "तलाठ्याचं काम हाय म्हनून भावानं घेतला होता. इतके वर्स मले कोनी सांगतलंच नाही." त्या आठवड्यात त्या ठेल्यावर गेल्या नाहीत. घरच्यांना वाटलं, शिकवून चूक झाली. मला तसं अजिबात वाटलं नाही. इतकी वर्षं 'मीच अडाणी' म्हणून स्वतःवर धरलेला राग पहिल्यांदा योग्य जागी गेला होता. पुढच्या बऱ्याच भेटी आम्ही त्या रागाला दिल्या. १९८७च्या कायद्यानुसार महिलांना मोफत कायदेशीर मदत मिळते, म्हणून मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जायला सुचवलं. तिथला अर्ज त्यांनी सही करून दिला. भावावर दावा लावायचा की नाही, हे अजून ठरलेलं नाही. ते त्याच ठरवतील.

झोप बरीच सुधारली आहे. बँकेत अजून घाम फुटतो, पण पैसे काढायची स्लिप त्या स्वतः भरतात.

तुमच्या घरी असं कोणी असेल तर जवळच्या शाळेत 'उल्लास' नवभारत साक्षरता कार्यक्रमाची चौकशी करा. १५ वर्षांवरील कोणालाही नाव नोंदवता येतं. परीक्षा १५० गुणांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान प्रत्येकी ५०. मावशींनी नाव घातलंय. लेखनाची धास्ती आहे, म्हणून दुसऱ्या दिवशीची मंडईतली खरेदी त्या रोज रात्री वहीत लिहून काढतात.