पहिलं घराचं काम घेतोयस, तर एवढं ऐक

बेळगावजवळच्या खानापूरचं काम मिळालं, आनंद झाला. मालक नात्यातला असला तरी करार लेखीच कर. नुसता चौरस फुटाचा दर लिहून भागत नाही. कंपाऊंड, सेप्टिक टँक, पाण्याची टाकी त्यात धरलीय का, ते लिही. भांडणं तिथंच होतात. हप्ते पाया, प्लिंथ (जोतं), स्लॅब अशा टप्प्यांवर बांध. वाढीव काम मालकाची सही घेतल्याशिवाय सुरू करू नकोस. करार कन्नडमध्ये असेल तर आधी ओळ न् ओळ समजून घे.

नदीच्या वाळूमागे धावू नकोस, चांगली धुतलेली एम-सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू, चालते. भिंतींना जांभ्याचा चिरा वापर, भट्टीच्या विटा वाचतील. पीपीसी (राख मिसळलेल्या) सिमेंटच्या स्लॅबवर वाफे करून किमान 10 दिवस पाणी ठेव. आणि पाया मिरगाआधी वर काढ, तिकडचा पाऊस उसंत देत नाही.